*फेल्थं: मोकळ्या जमिनीचा शब्द आणि त्याचं 'पृथ्वी'शी नातं

शब्दमूळ (धागाकर्ता)

इंग्रजी 'फील्ड' हा शब्द संस्कृत 'पृथ्वी'वरून आला, असं विधान अधूनमधून वाचायला मिळतं. ते चुकीचं आहे. 'फील्ड' संस्कृतातून इंग्रजीत गेलेला नाही. पण हे दोन शब्द दूरच्या एकाच घराण्यातले असू शकतात का, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. म्हणून हा धागा.

पक्की माहिती अशी. जुनी इंग्रजी, जुनी सॅक्सन, जुनी फ्रिजियन आणि जुनी उच्च जर्मन या चौघींत 'फेल्ड' आहे, डचमध्ये 'व्हेल्ड' आहे. त्यांवरून आद्य-जर्मानिकमध्ये (इंग्रजी, जर्मन, गॉथिक, नॉर्स वगैरेंची समान पूर्वज भाषा) *फेल्थं असं रूप मानतात. तारा म्हणजे लेखी पुरावा नसलेलं, तुलनेनं बांधलेलं रूप. इथे 'थ' म्हणजे 'थिंक'मधला जिभेचं टोक दाताला लावून काढलेला घर्षक, आपला महाप्राण थ नव्हे. 'ड' आणि 'ट' जर्मानिक उच्चारांसाठी वापरतो आहे.

तीन गोष्टींवर चर्चा व्हावी:
१) सगळ्या भाषांत 'ड' दिसत असताना मूळ रूपात 'थ' का मानायचा?
२) गॉथिक (गॉथ लोकांची जुनी, आता लुप्त भाषा) आणि जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) हा शब्द नाही, मग त्याला 'आद्य-जर्मानिक' म्हणावं का?
३) धातू कोणता? 'पृथ्वी', 'पृथु'चा 'प्रथ्', की स्लाव्हिक 'पोल्ये' (मैदान) ज्यातून येतो तो?

बांधावरून

वाचतोय. एक शंका: आपल्याकडे उसाचा फड असतो. फड आणि फील्ड जवळचे वाटतात. काही संबंध?

ध्वनिवेध

@बांधावरून, नाही, आणि कारण तपासून बघता येतं. आद्य इंडो-युरोपीय (संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मानिक यांची मूळ भाषा) 'प'चा जर्मानिकमध्ये 'फ' झाला, संस्कृतात तो 'प'च राहिला. पितृ–फादर, पाद–फूट, पञ्च–फाइव्ह, पशु–फी (मूळ अर्थ गुरंढोरं). जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हा नियम नीट मांडला. म्हणजे 'फील्ड'चा संस्कृत भाऊ शोधायचा तर तो 'प'नं सुरू झाला पाहिजे. 'फ' समोर 'फ' आला की ते नातं संशयास्पद धरायचं.

दुसरी खूण: मूळ 'ल'चा वैदिक संस्कृतात बहुधा 'र' होतो. पूर्ण–फुल या एकाच जोडीत प–फ आणि र–ल दोन्ही दिसतात. म्हणजे जर्मानिक 'फ-ल-थ' समोर संस्कृतात 'प-र-त/थ' यायला हवं. 'पृथ्' त्या साच्यात बसतो. म्हणून धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न टाकाऊ नाही.

बांधावरून

समजलं, धन्यवाद. फडाचा नाद सोडला. :)

माळावरचा

ध्वनींआधी अर्थाकडे बघू, कारण धातूचा निर्णय अर्थावरही टेकतो. जुन्या इंग्रजीत 'फेल्ड' म्हणजे कुंपण घातलेलं, नांगरलेलं शेत नव्हे. जंगल, डोंगर किंवा दलदल यांच्या शेजारची उघडी जमीन. गावांच्या नावांत हे टिकून आहे. शेफील्ड म्हणजे शीफ नदीकाठची मोकळी जमीन. लिचफील्डचं नाव तर शिकवण्यासारखं आहे: तिथलं रोमन काळातलं ठिकाण 'लेटोकेटुम', हे केल्टिक नाव, अर्थ 'करडं रान'. त्याचा झिजलेला अवशेष अधिक 'फेल्ड', म्हणजे त्या रानालगतचा मोकळा पट्टा. झाडी आहे म्हणूनच मोकळ्या जागेला नाव द्यावं लागलं.

इंग्लंडच्या स्थळनामांच्या अभ्यासक मार्गारेट गेलिंग यांनी हा विरोध ठासून मांडला होता. नांगरटीचा अर्थ दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे बळावत गेला, सामाईक मोठी शेतं वाढली तसा. म्हणून मूळ धातूचा अर्थ 'पेरणे', 'कसणे' असा शोधू नका. 'सपाट', 'पसरट' असाच शोधायचा.

रानवाट

माळावरचा यांच्या अर्थबदलाला मराठीतच साक्ष आहे. 'रान' हा शब्द 'अरण्य'वरून आला. तरी गावाकडे 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय, आणि 'रान नांगरलं' हे अगदी रोजचं बोलणं आहे. न कसलेल्या जमिनीचा शब्द कसलेल्या जमिनीला लागला, आणि जुना अर्थ 'रानडुक्कर', 'रानभाजी'मध्ये शिल्लक राहिला. फेल्डचा प्रवास याच दिशेचा, फरक इतकाच की आपली सुरुवात झाडीपासून झाली आणि त्यांची उघड्या माळापासून.

कोशवाचक

रानवाट, याच्या उलट्या दिशेचं उदाहरण जर्मानिकमध्येच आहे. *वाल्थुझ. जर्मनमध्ये 'वाल्ड' म्हणजे जंगल, जुन्या इंग्रजीत 'वेआल्ड' म्हणजे जंगल. पण नॉर्समध्ये त्याच शब्दाचा अर्थ कुरण, मैदान. आइसलँडची इ.स. ९३० पासूनची सभा जिथे भरायची त्या थिंगवेल्लिरच्या नावातला दुसरा भाग हाच. तेव्हा केवळ अर्थ जुळतो किंवा जुळत नाही म्हणून शब्द जोडू किंवा तोडू नयेत.

ध्वनिवेध

आता पहिला प्रश्न. पश्चिम जर्मानिकमध्ये 'ल'नंतरचा 'थ' हा 'ड' होतो. गॉथिक 'गुल्थ' पण इंग्रजी 'गोल्ड'. गॉथिक 'विल्थीस' पण इंग्रजी 'वाइल्ड'. अडचण अशी की इंग्रजीत मूळ 'ल्ड' आणि मूळ 'ल्थ' दोन्ही 'ल्ड' दिसतात. गॉथिक 'काल्ड्स'चाही इंग्रजीत 'कोल्ड'च होतो. म्हणून एकट्या इंग्रजीवरून काही ठरत नाही.

फरक दाखवते उच्च जर्मन. तिथे मूळ 'ड'चा पुढे 'ट' झाला, आणि मूळ 'थ'चा त्यानंतर 'ड' झाला. दोन प्रवाह वेगळे राहिले. तपासायची रीत सोपी आहे:

आजच्या जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी 'ड' आणि 'ट' दोन्ही 'ट' ऐकू येतात, म्हणून शब्दाला प्रत्यय लावून बघायचं. 'काल्ट' (थंड) चं 'काल्टर', ट टिकला, म्हणजे मूळ 'ड'. 'फेल्ट'चं अनेकवचन 'फेल्डर', ड बाहेर आला, म्हणजे मूळ 'थ'. 'वाल्ट'चं 'व्हेल्डर' हेही तसंच.

म्हणून *फेल्थं. *फेल्डं मानलं तर जर्मनमध्ये 'फेल्टर' व्हायला हवं होतं.

उत्तरवारा

दुसऱ्या प्रश्नासाठी फिन्लंडकडे वळा. फिनिशमध्ये शेताला 'पेल्तो' म्हणतात. हा जर्मानिककडून घेतलेला फार जुना शब्द आहे. जुन्या फिनिकमध्ये (फिनिशची पूर्वज भाषा) 'फ' नव्हता, म्हणून 'प' आला. याच प्रकारच्या उसनवारीत 'कुनिंगास' (राजा) आणि 'रेंगास' (कडं) आहेत. त्यांत *कुनिंगाझ, *ह्रिंगाझ यांचा शेवटचा प्रत्यय अजून ऐकू येतो, जो इंग्रजी 'किंग', 'रिंग'मधून केव्हाच गळला. 'पेल्तो'मधला 'त' हा मूळ 'थ'चाही पुरावा धरता येईल.

एक सावधगिरी: हंगेरियन 'फ्यल्ड' (जमीन) याला यात ओढू नका. तिथला 'फ' उरालिक (फिनिश-हंगेरियनचं वेगळं कुळ) 'प'पासून येतो: फिनिश 'पू' (झाड) समोर हंगेरियन 'फा'. ग्रिमच्या नियमाशी त्याचं काही देणंघेणं नाही.

ध्वनिवेध

@उत्तरवारा, पेल्तोचा जुनेपणा मान्य, 'त'चा निष्कर्ष अमान्य. फिनिशमध्ये मूळ 'ल्थ' आणि मूळ 'ल्ड' दोन्ही 'ल्त' होतात. *गुल्थं (सोनं) चं 'कुल्ता', आणि *मुल्डो (माती) चं 'मुल्ता'. एक थवाला, एक डवाला, निकाल एकच. पेल्तो फक्त इतकं सांगतो की हा शब्द बाल्टिक किनाऱ्यावर फार लवकर वापरात होता. प्रश्न दोनसाठी तो मोलाचा, प्रश्न एकसाठी निरुपयोगी.

उत्तरवारा

@ध्वनिवेध, 'मुल्ता'च्या जोडीनं मुद्दा निकाली निघतो. तरी प्रश्न दोनचं वजन कमी होत नाही. पेल्तो देणारे लोक बहुधा आजच्या स्वीडनच्या बाजूचे होते, इंग्लंड-जर्मनीचे नव्हेत. म्हणजे शब्द उत्तरेतही होता आणि नंतर तिथून गेला.

कोशवाचक

हे पटतं. आज स्वीडिशमध्ये 'फेल्ट' आहे, डॅनिशमध्येही, पण ते मध्ययुगात हान्सा या उत्तर जर्मन व्यापारी संघाच्या व्यापाऱ्यांच्या निम्न जर्मनमधून (उत्तर जर्मनीची बोली) आलेले. अस्सल वारसा असता तर तो असा दिसला नसता. जुन्या नॉर्समध्ये 'ल्थ'चा 'ल्ल' होतो: गॉथिक 'गुल्थ', नॉर्स 'गुल्ल'. त्याच नियमानं *फेल्थंचा 'फ्याल्ल' झाला असता. आणि 'फ्याल्ल' हा नॉर्समध्ये डोंगराचा शब्द आहे, वेगळ्या मुळाचा (जर्मन 'फेल्स', खडक, याचा सोयरा). मैदान आणि डोंगर एकाच उच्चारात आले तर एक शब्द गळणार. नॉर्वेत कुठला टिकला असता हे सांगायला नको. हा माझा अंदाज आहे, पण ध्वनिनियम त्याच्या बाजूनं आहेत.

गॉथिकमध्ये गैरहजेरीचं फार ओझं घेऊ नये. आपल्याकडची गॉथिक मुख्यतः चौथ्या शतकातल्या वुल्फिलाच्या बायबल-भाषांतरातून येते, तेही अपुरं मिळालेलं. तिथे 'रानातली फुलं' म्हणताना 'हैथी' आणि कसलेल्या शेताला 'आक्रस' असे शब्द येतात.

बांधावरून

'आक्रस' म्हणजे आपला सातबारावरचा एकर?

माळावरचा

तेच घराणं. आणि इथे संस्कृतशी नातं वादातीत आहे. ऋग्वेदात 'अज्र' म्हणजे मैदान, शेत. ग्रीक 'अग्रॉस', लॅटिन 'आगेर', जर्मानिक *आक्राझ. संस्कृत ज समोर जर्मानिक क येतो: ज्ञा–नो (इंग्रजी लिखाणात सुरुवातीचा मूक क अजून आहे), जानु–नी. धातू 'अज्', हाकणे, असं बहुतेक मानतात: जिथे गुरं हाकत न्यायची ती जागा. युरोपच्या भाषांत मग नांगरटीचा अर्थ आला.

मापाची गोष्टही याला जोडून आहे. एकर म्हणजे बैलजोडीची एका दिवसाची नांगरट, असा जुना हिशेब. पुढे तो ६६ फूट रुंद आणि ६६० फूट लांब अशा पट्ट्यात बांधला गेला, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पट्टा लांबट, कारण जड नांगर वळवणं त्रासाचं, तास लांब असला की वळणं कमी. ६६ फूट म्हणजे मोजणीची एक साखळी. आपला गुंठा तिच्या निम्म्याचा: ३३ गुणिले ३३, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठे केले की बरोबर एकर.

रानवाट

गुंठ्याचा हिशेब इतका चोख जुळतो तो यामुळे! छान.

वेदपाठी

'फेल्ड'कडे परत. पृथ्वीचा खरा जर्मानिक सोयरा *फेल्थं नसून *फुल्डो आहे, असं माझं म्हणणं. जुनी नॉर्स 'फोल्ड', जुनी इंग्रजी 'फोल्डे', जुनी सॅक्सन 'फोल्डा', सगळीकडे अर्थ भूमी, धरती. संस्कृत ऋ समोर जर्मानिक 'उल्' नियमानं येतो: वृक–वुल्फ. तसं पृथ्–फुल्ड.

इथला 'ड' अस्सल आहे, कारण नॉर्समध्ये 'ल्ड' टिकलाय. 'थ' असता तर 'गुल्ल'सारखं 'ल्ल' झालं असतं. असा 'ड' कधी येतो हे डॅनिश भाषाशास्त्रज्ञ व्हेर्नरनं १८७७ मध्ये दाखवलं: मूळ भाषेत आघात त्या व्यंजनाच्या आधीच्या स्वरावर नसेल तर. 'भ्राता'मध्ये वैदिक उदात्त (आघाताचा उंच स्वर) पहिल्या अक्षरावर, म्हणून गॉथिक 'ब्रोथार', थ. 'पिता'मध्ये उदात्त दुसऱ्यावर, म्हणून गॉथिक 'फादार', तिथे ड. आणि 'पृथिवी'मध्ये उदात्त शेवटच्या अक्षरावर! वैदिक स्वर जपून ठेवले नसते तर हा नियम सापडणं फार अवघड होतं.

भावही तोच. अकराव्या शतकातल्या हस्तलिखितात शेताला सुफळ करायचा एक जुना इंग्रजी विधी आहे, त्यात 'फोल्डे'ला माणसांची आई म्हणून हाक मारली आहे. अथर्ववेदाचं भूमिसूक्त (१२.१) आठवल्याशिवाय राहत नाही.

ध्वनिवेध

वेदपाठी, आघाताचा मुद्दा सुंदर मांडलात, पण दोन ठिकाणी हात आखडता घ्यावा लागेल.

एक, ऋ/उल् असलेल्या रूपात आघात शेवटीच असतो असं नाही. *गुल्थंमध्ये 'उल्' आहे, तरी 'थ' आहे. *फुल्डोचा आघात आपण 'ड'वरून काढतो, 'पृथिवी' त्याला पूरक साक्ष आहे, इतकंच.

दोन, 'पृथिवी' म्हणजे पृथ् अधिक '-वी', स्त्रीलिंगी रूप. *फुल्डोमध्ये तो 'व' नाही. अक्षरशः जुळणारा शब्द हवा असेल तर केल्टिकमध्ये जा. तिथे सुरुवातीचा 'प' गळतो (पितृ समोर आयरिश 'अथिर') आणि 'पृ'चा 'लि' होतो. गॉलमध्ये (प्राचीन केल्टिक फ्रान्स) 'लिताविस' नावाची देवी शिलालेखांत आहे, आणि ब्रिटनीला वेल्शमध्ये आजही 'ल्लिदाउ' म्हणतात. ती रूपं प्रत्ययासकट 'पृथिवी'ची जुळी आहेत.

धरणीमातेची कल्पना मात्र जगभर आढळते. ती शब्दांचं नातं सिद्ध करत नाही.

वेदपाठी

ल्लिदाउ मान्य. धरणीमातेचा उल्लेख पुरावा म्हणून केला नव्हता, पण ज्या शब्दानं हाक मारली तो शब्द पृथ्-मधला आहे, एवढं मला महत्त्वाचं वाटतं.

कोशवाचक

पहिल्या प्रश्नावर एक साक्ष राहिली आणि ती फार बळकट आहे. 'थ' केवळ बांधलेला नाही, इंग्लंडमध्ये लिहिलेला सापडतो. इंग्रज साधू-इतिहासकार बीडनं ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या लॅटिन इतिहासात राजा एडविन पडला ती रणभूमी 'हॅथफेल्थ' अशी लिहिली आहे, बीडच्या हिशेबानं इ.स. ६३३. ओस्वाल्डच्या लढाईची जागा 'हेफेनफेल्थ', आणि तिचा लॅटिन अर्थ बीड स्वतः देतो: कॅलेस्टिस कांपुस, स्वर्गीय मैदान. दोन्हीकडे शेवटी टी-एच. पुढच्या काळातल्या जुन्या इंग्रजीत मात्र नेहमी 'फेल्ड'. म्हणजे ल्थचा ल्ड होण्याच्या उंबरठ्यावर बीडनं तो टिपला. शिवाय 'कांपुस'मुळे अर्थही कळतो: शेत नव्हे, मोकळं मैदान. माळावरचा यांचं म्हणणं यानं पक्कं होतं.

माळावरचा

आणि 'हॅथफेल्थ'चा पूर्वार्ध म्हणजे गॉथिक 'हैथी', इंग्रजी 'हीथ', खुरटी झुडपं असलेली पडीक जमीन. त्याचा केल्टिक भाऊ वेल्श 'कोएद', रान. हाच शब्द वर लिचफील्डच्या 'लेटोकेटुम'मध्ये येऊन गेला. म्हणजे हॅटफील्ड ('हॅथफेल्थ'चं आजचं रूप) आणि लिचफील्ड या दोन नावांचे पूर्वार्ध काही अंशी एकाच शब्दाचे.

उत्तरवारा

रूपाच्या शेवटाबद्दल कुणीच बोललं नाही. *फेल्थं हे नपुंसकलिंगी रूप जर्मनवरून ठरवलंय. जुन्या इंग्रजीत 'फेल्ड' पुल्लिंगी आहे, आणि चतुर्थी 'फेल्डा', 'सुनु' (मुलगा) चं 'सुना' होतं तशी. हे उकारान्त शब्दांचं लक्षण, त्यावरून *फेल्थुझ मानावं लागतं. फिनिशकडे बघा: नपुंसक *गुल्थंचा 'कुल्ता' झाला, आकारान्त, पण आपला शब्द 'पेल्तो', ओकारान्त. कोशात रूप बघताना शेवटचा स्वर ठाम समजू नये. 'फेल्थ-' इतकं अंग भक्कम, पुढचं वादाचं.

ध्वनिवेध

+१. रूप उद्धृत करताना अंगानंतर आडवी रेघ देऊन थांबणंच बरं.

शब्दमूळ (धागाकर्ता)

पहिल्या दोन प्रश्नांवर समाधान झालं. तिसऱ्याकडे येतो. दोन पक्ष आहेत.

पहिला पक्ष: धातू *पेल्ह२-, सपाट, पसरट. ह२ हा आद्य इंडो-युरोपीयात मानलेला, पुढे लुप्त झालेला कंठ्य ध्वनी. हित्ती या प्राचीन अनातोलियाच्या (आजचा तुर्कस्तान) भाषेत तो दिसतो: 'पल्ही', रुंद. त्याच धातूतून लॅटिन 'प्लानुस' (सपाट), स्लाव्हिक 'पोल्ये' (ज्यावरून पोलंडचं नाव) आणि आर्मेनियन 'होघ' (माती). पोकॉर्नी यांच्या १९५९च्या इंडो-युरोपीय व्युत्पत्तिकोशात 'फेल्ड' याच गटात आहे. धातूला 'त' प्रत्यय लावला की *पेल्ह२-तो-. मधला ह२ जर्मानिकमध्ये मागमूस न ठेवता जातो, संस्कृतात त्याची 'इ' होते: दुहितृ–डॉटर पाहा. उरतं फेल्थ-. कुठे ओढाताण नाही.

दुसरा पक्ष: धातू *प्लेत्ह२-, पसरणे, म्हणजे 'प्रथते', 'पृथु', ग्रीक 'प्लाटुस' (रुंद). अडचण स्वराच्या जागेची. संस्कृत 'प्रथ्'मध्ये स्वर र/लनंतर आहे, 'फेल्थ'मध्ये लच्या आधी. 'पृथ्'सारख्या स्वर गळलेल्या रूपात हा फरक झाकला जातो, म्हणून 'पृथ्वी'शी तुलना सोपी वाटते. 'प्रथ्' समोर ठेवला की फट दिसते.

मला पहिला पक्ष सरस वाटतो.

वेदपाठी

फट आहे, पण बुजवता येते. जर्मानिकमध्ये 'एल्–उल्', 'एर्–उर्' ही अदलाबदल रोजची आहे. *वेर्थ-, होणे (संस्कृत वृत्, वर्तते), वर्तमानात थ आणि भूतकाळी अनेकवचनात 'वुर्ड-', ड. आता *फुल्डो आधीपासून होता असं धरा. त्याच्या शेजारी नवं 'ए'वालं रूप बनवायचं तर बोलणारा 'फेल्थ'च करणार, वेर्थ–वुर्ड या साच्यात. 'फ्लेथ' त्याच्या कानाला बसणार नाही. तेव्हा स्वर जर्मानिकमध्ये आल्यावर सरकला, आधी नव्हे.

शब्दमूळ (धागाकर्ता)

@वेदपाठी, हा मार्ग शक्य आहे. पण त्यासाठी *फुल्डो आधी आणि *फेल्थ- नंतर असा क्रम लागतो, आणि *फुल्डोही पहिल्या धातूतून निघू शकतो: *प्ल्ह२-ता. *गुल्थंमध्ये अशाच ल्ह-तून 'उल्' आलाय. म्हणजे पहिल्या पक्षाला दोन्ही शब्द एका धातूतून, स्वर न सरकवता मिळतात. दुसऱ्याला एक जादा पायरी लागते. ग्रीक-संस्कृतचा *प्लेत्ह२- हाच मुळात *पेल्ह२-चा विस्तार आहे असंही काहींचं मत आहे. ते धरलं तर पृथ्वी आणि फील्ड सख्खी नव्हेत, चुलत ठरतात.

ध्वनिवेध

याच क्रमानं लिहावं: फेल्थ- आणि *फुल्डो एकत्र, धातू *पेल्ह२-, आणि 'पृथिवी' शेजारच्या फांदीवर. वेदपाठींचा पर्याय तळटीपेत नको, मजकुरातच हवा, कारण वेर्थ–वुर्डचा साचा खरा आहे.

बांधावरून

*लांडं राहिला ना? लँड. तोही मोकळ्या जमिनीचाच.

कोशवाचक

त्याचे केल्टिक भाऊ ब्रेटन 'लान' (झुडपी माळ) आणि वेल्श 'ल्लान' (आवार, पुढे चर्च). फ्रेंच 'लांद' गॉलिशमधून आलेला. संस्कृतात जोड सांगितली जात नाही. त्याचा वेगळा धागा काढा, इथे मावणार नाही.